उरलेला अर्धा ढीग

माझी बायको क्षमा हट्टी आहे, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. इथल्या उत्खननवाल्यांना कळायला दोन वर्षं लागली.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या संशोधन संस्थेत मला नोकरी लागली आणि इतिहासात एम.ए. झालेली क्षमा अकोल्याहून माझ्यामागून आली. चाळीसेक अर्ज केले, चाळीसेक गोड शब्दांतले नकार आले. शेवटी एका उत्खनन कंपनीत खोरं आणि ब्रश चालवायचं काम मिळालं. रस्ता बांधण्याआधी जमिनीखाली काही जुनं आहे का, ते ही मंडळी बघतात. ही बाई दिवसभर चिखलात गुडघे टेकून बसते आणि घरी गुणगुणत येते. मी उबदार ऑफिसात बसून कुरकुरतो.

मार्चमध्ये नव्या रस्त्याच्या वाटेत, ओढ्याकाठी तडकलेल्या काळ्या दगडांचा ढीग सापडला. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगड तापवून पाण्यात टाकले, पाणी उकळलं, फुटके दगड बाजूला फेकले, असा अंदाज होता. पण ज्यात पाणी उकळलं ते जमिनीत बसवलेलं फळ्यांचं कुंड सापडेना. प्रमुख फ्राउ ब्रेनर यांनी अर्धा ढीग उकलला, मग ओढ्याकडची जमीन खणली. हाती काहीच नाही. शुक्रवारी उरलेला ढीग मशीनने उचलून जागा रस्तेवाल्यांच्या ताब्यात द्यायची होती.

क्षमाचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"सुगत, अरे, पाणी चुलीपाशी आणतात. लाल झालेला दगड घेऊन ओढ्यापर्यंत कोण चालत जाईल? फुटके दगडही तिथेच साचत गेले, कुंड त्या उरलेल्या ढिगाखालीच आहे."

"मग सांग ना त्यांना."

तिने ताटं उचलली आणि विषय बदलला. कारण हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं. तिची आई, यमुनाबाई, गावी अजून चुलीत दगड लाल करते आणि चिमट्याने आमटीत सोडते. अर्जात पदवी लिहिता येते, चूल कुठे लिहायची? तिला लाज वाटायची, आणि मला तिच्या लाजेचा राग यायचा.

बुधवारी तिने एकदाचं सांगितलं. जर्मन अडखळलं तिथे हातांनी दाखवलं: इथे विस्तव, इथे चिमटा, इथे भांडं, सगळं बसल्या जागी. फ्राउ ब्रेनरनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "उद्याचा दिवस तुमचा."

गुरुवारी मी डबा द्यायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसलो. दुपारी बाराच्या सुमारास दगडांखाली फळीची काळी कड दिसली. मग दुसरी. क्षमा अशी ओरडली की रस्तेवाले धावत आले. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

तिने लगेच आईंना व्हिडिओ कॉल लावला. आईंनी चष्मा पुसून ते कुंड नीट न्याहाळलं.

"एवढं मोठं? मग माणसं बरीच जेवायला असायची गं."

फ्राउ ब्रेनरना मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी वही काढली. कोण म्हणालं म्हणून लिहू, असं विचारलं.

"यमुना," क्षमा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी आई. चुलीवर रांधते."