आत्याच्या वखारीतला पंप

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल त्यानेच लिहावं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. माझ्याकडे सांगायला एक पंप आहे, लाकूड फोडायच्या मशीनचा. तो बदलला, एवढीच गोष्ट, आणि तीही मला पुरती कळली आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कुठे चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे. भात आणि नाचणीची शेती. माझी आत्या मात्र चारोटीजवळ हायवेला लागून लाकडाची वखार चालवते. लग्न होऊन ती नरपडला गेली होती. नवरा गेल्यावर काही वर्षं दिराच्या घरात काढली, मग एक दिवस परत आली ती आलीच. तिथे काय झालं ते ती सांगत नाही. एकदाच म्हणाली होती, "जेवायला मिळायचं रे. पण विचारून."

वखार तिने बाबांच्या मदतीने उभी केली. डहाणूकडचे बागायतदार म्हातारी झालेली चिकूची झाडं काढतात, किनाऱ्याकडून सुरूचे ओंडके येतात. ते फोडून ढाब्यांना आणि लग्नातल्या आचाऱ्यांना फाटी पुरवायची. फोडायचं मशीन म्हणजे जमिनीत पक्की बसवलेली लोखंडी चौकट. तिच्या एका टोकाला जाड पाचर, दुसऱ्या टोकाला ट्रकची ट्रॉली उचलतो तसला जॅक. बाजूच्या शेडमध्ये जुनं डिझेल इंजिन. इंजिनावरून एक लांब सपाट पट्टा शाफ्टवर येतो, शाफ्ट पंपाला फिरवतो, पंप तेल ढकलतो, तेल जॅकला ढकलतं आणि जॅक ओंडक्याला पाचरीवर रेटतो. मग कडाड असा आवाज होतो. हा आवाज मला फार आवडतो.

यंदा पंप दमला. जॅकचा दांडा इतका हळू पुढे सरकायचा की आत्या म्हणायची, "मी याच्यापेक्षा लवकर म्हातारी होतेय." नेमका त्याच वेळी ढाब्याचा शेठ, तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, वखारीत येऊन सांगून गेला : पावसाळ्याआधी माझ्या तिन्ही भट्ट्यांचं लाकूड भरून पाहिजे. महिनाअखेर शेड भरलेली दिसली तर काम तुझं, नाहीतर भिलाडच्या वखारवाल्याला देतो.

शेठ गेला तर वखार चालणार नव्हती. आणि वखार बंद झाली तर आत्याने नरपडला परत जावं, असं घरात हळूहळू ठरत आलं होतं. दिराचा स्वतःहून फोन आला होता. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेत, घरात माणूस हवं. फोनवर तो फार गोड बोलला, असं आई म्हणाली. "आमच्याकडेच राहा," असं बाबा म्हणायचे, पण आमची शेती वर्षभर पुरत नाही हे आत्यालाही ठाऊक होतं. हा विषय निघाला की ती उठून जायची. आत्या अशी उठून गेली की घरातल्या सगळ्यांना भीती वाटते.

परीक्षेआधीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा हे सगळं असं चाललेलं.

"आले आमचे सायंटिस्ट," आत्या म्हणाली. "बघ, तुझ्या कॉलेजात याच्यावर काही औषध आहे का."

"आत्या, बी.एस्सी. म्हणजे मशीनचं नसतं गं."

"मग कशाचं असतं?"

आमच्या पुस्तकात दाबाच्या धड्यात एक चित्र आहे : एक लहान नळी, एक मोठी नळी, मध्ये पाणी. त्यावरची गणितं मी बरोबर सोडवली होती. पण तेलाची खरी नळी मी पहिल्यांदा हातात धरली ती आत्याच्या वखारीत. ती चांगलीच गरम होती. गरम का, हे पुस्तकात कुठे होतं असं आठवेना.

चारोटीला ट्रकचे जॅक दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मूळचे गुजरातकडचे, निम्मं मराठी बोलतात, निम्मं त्यांचं स्वतःचं. त्यांनी जुना पंप काढून माझ्यासमोर खोलला. आत दोन दातेरी चाकं, एकमेकांत अडकलेली. मला वाटत होतं, तेल दोघांच्या मधून पिळून निघत असेल, उसाच्या चरकातून रस निघतो तसं. मिस्त्री म्हणाले, "नाय रे भाई, बाजूने जाते." मला पटेना. मग मी त्यात थोडं तेल ओतून चाक हाताने फिरवून पाहिलं. खरंच, दातांच्या खाचांत बसून तेल पंपाच्या कडेच्या भिंतीलगत पुढे जात होतं, आणि मधे दात दातात बसल्यामुळे त्याला परत यायला वाटच नव्हती. मी बराच वेळ फिरवत बसलो. भिंतीवर बोट फिरवलं तर खोल ओरखडे लागले. तेल तिथूनच मागे गळत होतं, म्हणून जॅक हळू.

"तुला पंप लागतो की खेळणं?" आत्याने विचारलं.

मिस्त्रींनी वापीकडच्या भंगारातून एक जुना पण मोठ्या चाकांचा पंप आणला. एका फेऱ्यात जास्त तेल ढकलणारा. त्याला चंदेरी रंग दिलेला, अगदी नव्यासारखा. आत्याने हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. इंजिन सुरू झालं. तेल जॅककडे सोडायचं हँडल ओढलं. जॅक हललाच नाही. तेलाच्या टाकीत नुसती गुडगुड.

"नारळ तेवढा फुटला," आत्या म्हणाली.

"हवा धरली असेल, बेन. जरा थांबा." मिस्त्रींनी नळ्या सैल केल्या, परत आवळल्या. पुन्हा गुडगुड.

ते हात पुसत असताना मी पंपाच्या अंगावरचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होतो. काही सापडेल म्हणून नव्हे. त्याच्यावर कुठे काही लिहिलं असेल का, एवढीच उत्सुकता. रंगाखाली लोखंडात एक बाण कोरलेला निघाला. मी बाणाकडे पाहिलं, मग शाफ्टकडे. शाफ्ट बाणाच्या उलट दिशेने फिरत होता. म्हणजे आमचा पंप टाकीतलं तेल जॅकला द्यायच्या ऐवजी जॅककडचं ओढून टाकीत सोडू पाहत होता.

"अरे, आ तो उलटा छे!" मिस्त्री मटकन खाली बसले. सुलट्या फिरकीचा शोधतो म्हणाले, पण मिळेल तेव्हा मिळेल. नळ्यांची अदलाबदल केली तर उलट्या दाबाने पंपाचं सील फुटेल, असं ते म्हणाले. पंप शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला लावावा तर तिकडे भिंत. इंजिन वळवून बसवावं तर त्याचा काँक्रीटचा पाया फोडावा लागणार. महिना सरत आला होता. आत्या जुन्या पाचरी आणि घण घेऊन बाबांबरोबर हाताने ओंडके फोडायला लागली.

दोन दिवसांनी आईने मला भात भरडायला तलासरीच्या गिरणीत पाठवलं. त्या गिरणीत मी लहानपणापासून जातोय. पण त्या दिवशी मी वर पाहिलं तर एका चाकावरचा पट्टा सरळ नव्हता, मधे पीळ घालून इंग्रजी आठसारखा लावलेला. मी गिरणीवाल्या काकांना विचारलं, असा का?

"सरळ लावला तर पंखा उलटा फिरतो. कोंडा सगळा डोळ्यात."

मी तिथेच उभा राहिलो. काका म्हणाले, "अरे, तुझं झालं केव्हाचं. ने ना पोतं."

घरी येऊन मी आईची दोन रिळं घेतली, दोन खिळ्यांवर बसवली आणि रबरबँड लावला. सरळ लावला की दोन्ही रिळं एकाच बाजूला फिरतात. पीळ घातला की दुसरं उलटं फिरतं. इतकी साधी गोष्ट होती, तरी मी ती पुन्हा पुन्हा करून पाहिली. आई म्हणाली, "परीक्षा याच्यावर आहे का?"

मिस्त्रींना सांगायला मला लाज वाटत होती. इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाला आपण काय सांगणार? तरी म्हटलं, आपल्या पट्ट्यालाही तसाच पीळ घालू या. ते आधी हसले, मग हसणं थांबवून पट्ट्याकडे बघत राहिले. "चालेल. पण पट्टा लांब लागेल." त्यांनी एक तुकडा जोडून क्लिपा मारल्या. मधे, जिथे पट्ट्याचे दोन पदर एकमेकांजवळून जातात, तिथे घासेल का याची त्यांना धास्ती होती. मलाही होती.

आत्याने हँडल ओढलं. दांडा असा सुटला की ती दचकून मागे सरली.

"अगं बाई, याला काय चावलं?"

सुरूचे ओंडके पटापट फुटले. मग तिने मुद्दाम चिकूचा एक गाठाळ ओंडका लावला. चिकूचे धागे आत पिळलेले असतात, ते सहज सोडत नाहीत. जॅक अर्ध्यावर अडला आणि पट्टा चाकावरून किंचाळत घसरला. जळक्या रबराचा वास आला. मिस्त्री म्हणाले, पट्ट्याला राळ लावून बघू, पकड येईल. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा आता. तुझी बस चुकेल."

मी हॉस्टेलला आलो, पेपर दिले. पण डोक्यात पट्टाच. राळ धरली असेल का? जोड सुटला तर? आत्या मशीनच्या आवाजात फोन घेत नाही. बाबांना विचारलं तर "चाललंय" म्हणायचे, आणि ते पट्ट्याबद्दल की तब्येतीबद्दल ते कळायचं नाही. महिनाअखेर होऊन गेली तरी कुणी स्वतःहून काही सांगेना. मीही धड विचारायला घाबरत होतो.

शेवटी एका दुपारी आईचा फोन आला. आधी तिने माझ्या जेवणाची चौकशी केली. मग म्हणाली, शेठ येऊन शेड बघून गेला. दोन भट्ट्यांचं लाकूड घेतो म्हणाला, तिसरीला त्याने गॅस लावलाय. राळ रोज लावावी लागते. आत्या म्हणते, दोन तर दोन.

"आणि नरपड?" मी विचारलं.

"काल दीर आले होते, गाडी घेऊन. तिला न्यायलाच. ती ओंडके लावत होती, मशीन काही बंद केलं नाही तिने. त्यांना ओरडून बोलावं लागलं, ते त्यांना जमेना. बसले थोडा वेळ, आणि गेले एकटेच."