गाठ तिथेच का बसली

काका देवासच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन होते. निवृत्तीनंतर त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि तब्येत सुधारली. दोन वर्षांनी चाल बिघडली. पाय फाकवून चालत, वळताना भिंत धरत. मी धारहून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जात असे.

दारूला काकांनी आयुष्यात हात लावला नव्हता. तरी गल्लीतल्या किराणेवाल्याने हटकलंच, "क्यों भिया, आज तो सुबे से ही?" घरी आल्यावर काकूंनी त्यांचं तोंड हुंगलं.

"वास नाही येत," त्या मला म्हणाल्या, "पण चाल बघ तुझ्या काकांची."

"अगं, चक्कर येते मला."

"रोज बाजारातून येतानाच बरी येते!"

काकू त्यांच्यासोबत बाहेर पडेनाशा झाल्या. काकांना ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

इंदूरला एमआरआय झाला. एकच गाठ होती. मागे, खाली, लहान मेंदूत. शरीराचा तोल सांभाळणारा भाग तो. काकांनी आजार किती वाढला हे विचारलं नाही. म्हणाले, "एवढं डोकं सोडून तिथेच का?"

डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला. आतड्यातल्या मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तासोबत वर येतात. बहुतेक मोठ्या मेंदूत थांबतात, कारण रक्तही तिकडेच जास्त जातं. त्यातही करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथे, कारण रक्तवाहिन्या तिथे एकदम बारीक होतात.

"चार इंची लाइन दोन इंची झाली की रेती अडते, तसंच," काका म्हणाले.

"तसंच. पण आतड्यातून आलेल्या गाठी लहान मेंदूत जरा जास्त दिसतात."

"ते का?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"मागच्या गल्लीचा वॉल्व्ह कुणीतरी उघडा ठेवला असणार," काका म्हणाले आणि तो कागद मागून घेतला.

रेडिएशन सुरू झालं. पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा काकू काकांचा दंड धरून किराण्याच्या दुकानात निघाल्या होत्या. मीही गेलो. काकूंनी काउंटरवर डॉक्टरांचा तो कागद पसरला आणि त्यावर बोट टेकवलं.

"ये देखो भिया. बोतल नहीं, इधर गठान है."

दुकानदार कागदावर वाकला. काकांनी काकूंचं बोट धरून सरकवलं.

"तिथे नाही. जरा खाली. अजून मागे."