याच्या समोर काय?

“याच्या समोर काय हाये?”

चष्मा कपाळावर सरकवायचा, मायक्रोस्कोपपासून खुर्ची मागे रेटायची आणि भेटेल त्याला हा प्रश्न विचारायचा, ही तिची सवय. आमच्याकडे नागपुरात ‘पुढे’ला ‘समोर’ म्हणतात. पोरगी समोर शिकते, माणूस नोकरीत समोर जातो. तर आमच्या कामाच्या समोर काय आहे, हे तिने प्रयोगशाळेच्या मालक डॉक्टरांना विचारलं, रसायनं विकायला येणाऱ्या प्रतिनिधीला विचारलं, मायक्रोस्कोप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, “ताई, मी स्क्रू आवळायला आलोय.”

तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिला आनंदच होईल, आणि तो माझ्या हातून तिला मिळावा अशी माझी अजून तयारी नाही. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेलच. आपण तिला काम शिकवतो, डब्यातलं लोणचं देतो, आणि बघता बघता ती आपल्याला ओलांडून जाते. वर आपल्याला ‘ताई’ म्हणते.

आमची प्रयोगशाळा रामदासपेठेत, दवाखान्यांच्या गर्दीत. गळ्यातल्या गाठीतून, छातीतल्या पाण्यातून, गर्भाशयाच्या तोंडातून घेतलेला नमुना काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून आमच्यापुढे येतो. मेथीची जुडी निवडावी तशी ती पट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत जायचं. एखादी पेशी वेडीवाकडी दिसली की तिच्याजवळ शाईचा ठिपका द्यायचा. डॉक्टर मग ते ठिपके बघतात, निदान करतात आणि रिपोर्टवर सही करतात. ठिपका कोणी दिला ते रिपोर्टवर नसतं. इतकी वर्षं मी ठिपके दिले, आणि या शहरात एकाही माणसाला माझं नाव ठाऊक नव्हतं.

ती आली ती कुहीकडच्या एका गावातून, बीएस्सी आणि लॅबचा डिप्लोमा करून. पट्टी कडेने धरायची, बोटाचे ठसे उमटू द्यायचे नाहीत, हे मी तिला शिकवलं. सुरुवातीला तिला सगळ्याच पेशी संशयास्पद वाटत. तिची पहिली पट्टी बघून डॉक्टर म्हणाले, “अहो, हिला गोवर निघालाय का?”

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले. ती मात्र म्हणाली, “एखादी राहून जाण्यापेक्षा जास्त दिलेले बरे ना सर.” डॉक्टरांना ते पटलं. मी नवी होते तेव्हा अशीच चूक केली होती आणि मान खाली घालून ‘सॉरी सर’ म्हणाले होते. 

तिच्या गावात तिच्या नोकरीबद्दल मोठा घोळ होता. तिची आई सांगायची, “माही पोरगी नागपुरात पेशी पायते.” गावात पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. पोरगी हायकोर्टात लागली असं सगळे धरून चालले. एक दिवस तिचे लांबचे काका शेताच्या भांडणाचे कागद पिशवीत घालून थेट आमच्या प्रयोगशाळेत आले.

“माही पेशी कधी हाये ते पाहून सांग ना वं.”

मी तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत पळाले. ती हसली नाही. तिने काकांना खुर्ची दिली, चहा दिला. मग त्यांना तोंड उघडायला सांगून गालाच्या आतून काडी फिरवली, ती काचेवर पुसली, रंगवली आणि म्हातारबुवांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

“पाहा. हे तुमची पेशी.”

काका कितीतरी वेळ डोळा लावून बसले होते. “एवढाली बारीक राह्यते?” म्हणाले. कोर्टाचं काही झालं नाही, पण गडी खूश होऊन बसस्टँडला गेला. हा किस्सा मी लोकांना हसत हसत सांगते. पण खरं सांगू का, त्या दिवशी मला तिचा फार हेवा वाटला. माझा नवरा हिंगण्याला कारखान्यात आहे. कंपनीच्या बसने जातो, येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला वाटतं की मी लोकांचं रक्त काढते. माझ्या माहेरचं, सासरचं कोणीही कधी माझ्या मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नाही. आणि मीही कधी कोणाला या, बघा, असं म्हटलं नाही.

दुपारी डबा खाऊन झाला की ती नोकरीच्या जाहिराती वाचायची. त्याही पट्टीसारख्याच, डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली आणि उलट. हातात तोच शाईचा पेन. जी जागा तिला बरी वाटे तिच्याजवळ ठिपका. “ताई, पेशी वाढवायची लॅब राह्यते म्हणे. लस बनवतात तिथं. तिकडं आपल्यासारखे लोक घेतात.” मी म्हणायचे, “हो का?” आणि ती हात धुवायला उठली की मान लांब करून ठिपके बघायचे.

एका दुपारी तिने जिथे ठिपका दिला ती जागा आमच्या शहरातलीच होती. एका मोठ्या रुग्णालयात बोनमॅरो बदलण्याचा विभाग सुरू होणार होता. सिकल सेलची, रक्ताच्या कॅन्सरची मुलं आमच्याकडे किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. भावाच्या किंवा बहिणीच्या पेशी काढायच्या, मोजायच्या, जपायच्या आणि त्या मुलाला द्यायच्या. त्या पेशी सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेत एक जागा होती. एकच.

ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की त्या आठवड्यात दोनदा भाजी करपली. माझे केस या मायक्रोस्कोपपाशी पिकायला लागले होते. शिवाय आमचे डॉक्टर हल्ली पट्ट्या बघणाऱ्या कॉम्प्युटरच्या गोष्टी करू लागले होते आणि त्या करताना माझ्याकडे बघायचं टाळत होते. इथून बाहेर पडायची माझ्यासाठी ती शेवटची संधी आहे, असं मला वाटत होतं. मी अर्ज केला. तिनेही केला, आणि वर मला म्हणाली, “बरं झालं ताई, दोघी मिळून ऑटोनं जाऊ.”

मुलाखत घ्यायला पुण्याहून एक मोठे डॉक्टर आले होते. मी आधी आत गेले. त्यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची मी शुद्ध मराठीत, नीट उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, “तुम्हाला काही विचारायचंय?”

मी म्हणाले, “नाही सर.” आमच्या घरात मोठ्या माणसांना उलट काही विचारत नसत.

मग ती गेली. बराच वेळ आत होती. मधेच आतून हसण्याचा असा मोठा आवाज आला की बाहेर बसलेले आम्ही सगळे दाराकडे बघायला लागलो. परतताना ऑटोत तिनेच सांगितलं. तिला एकदोन उत्तरं आली नव्हती. पण काही विचारायचंय का, म्हटल्यावर तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “याच्या समोर काय हाये जी?”

पुण्याचे डॉक्टर गोंधळले. खिडकीबाहेर बघून म्हणाले, “समोर? समोर चष्म्याचं दुकान आहे.”

“नाई जी, दुकान नाई! या पोस्टच्या समोर. मी किती समोर जाऊ शकते?”

त्यावरच मुलाखत घेणारे सगळे हसले होते. आणि मग, ती सांगत होती, पुण्याच्या डॉक्टरांनी कागद ओढून तिला सगळं समजावलं. आधी तंत्रज्ञ, मग पेशी गोठवण्याचं प्रशिक्षण, मग गुणवत्ता तपासणी, मग प्रयोगशाळेची प्रमुख. कोणती परीक्षा द्यायची, कोणत्या शहरात जागा निघतात. “लय चांगला माणूस हाये ताई. तुम्ही काय विचारलं?”

“मलाही सांगितलं ना त्यांनी,” मी म्हणाले.

जागा तिला मिळाली. त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी आलूबोंडे आणले. मी तिचं अभिनंदन केलं, दोन आलूबोंडे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत माझं पोट जळत होतं. ते तेलामुळे, असं मी घरी सांगितलं. उत्तरं माझी बरोबर होती, अनुभव माझा जास्त होता, आणि निवड झाली ती जिला समोरचं दुकान दाखवलं तिची. हे मला तेव्हा अन्याय वाटलं आणि काही दिवशी अजूनही वाटतं.

ती गेल्यावर तिचे फोन यायचे. पेशींची थैली घेऊन ती स्वतः वॉर्डात जाते, गोठवलेली थैली खाटेशेजारी कोमट पाण्यात वितळवते, थेंब थेंब आत जाईपर्यंत उभी राहते. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा वास उकडलेल्या लसणासारखा खोलीभर पसरतो. मुलांच्या आया तिची वाट बघत असतात. “मले पेशीवाली ताई म्हणतात,” ती खिदळत सांगायची. मी फोन कानाशी धरून ऐकायचे आणि माझ्यापुढच्या पट्टीवर एक ठिपका द्यायचे.

पुढे तिला हैदराबादला आणखी वरची जागा मिळाली. त्याच दिवशी तिने मला फोन केला.

“ताई, माही जागा खाली होऊन राहिली. मी साहेबांले सांगतलं, तुमच्यासारखा डोळा कोणाचाच नाई. अर्ज टाका.”

“विचार करून सांगते.”

“यात विचार काहून करता? टाका ना!”

तिने सोडलेली खुर्ची आणि तीसुद्धा तिच्या शिफारशीने. दोन दिवस मी अर्ज लिहीत होते आणि फाडत होते. नवरा शेवटी म्हणाला, “तुले जागा पायजे का तिचा राग पायजे?” दोन्ही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अर्ज केला आणि मी लागले.

जाण्याआधी काही दिवस तिने मला काम शिकवलं. पट्टी कशी धरायची हे जिला मी दाखवलं होतं तिने मला हात कसे धुवायचे ते दाखवलं. “कोपरापर्यंत, ताई. घाई नका करू.” ती अंगभर पांढरा झगा घालून, डोक्याला टोपी बांधून, निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटात हात घालून काम करायची, तेव्हा तिचे फक्त डोळे दिसायचे. ते हात इतके शांत चालायचे की मी माझे हात मागे बांधून ठेवले होते. तुम्ही म्हणाल, मग हेवा कसला, कौतुकच की. तर नाही. कौतुक होतंच, पण हेवा त्याच्यापेक्षा मोठा होता. ती शेवटच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि ती गेल्यावर खुर्चीची उंची माझ्या मापाची करून घेतली.

आता तिथे मी आहे. पेशींची थैली घेऊन मी वॉर्डात जाते, थेंब थेंब आत जाईपर्यंत उभी राहते. काम मला येतं, चांगलं येतं. नर्सबाई मात्र अजून म्हणतात, “त्या होत्या तेव्हा किती गप्पा मारायच्या.” मला गप्पा जमत नाहीत.

परवा प्रयोगशाळेच्या दाराशी एक बाई उभी होती. सोबत गालांनी भरलेला, अंगाने सुधारलेला मुलगा. त्याला सिकल सेल होता. मोठ्या बहिणीच्या पेशी देऊन तो बरा झाला होता. बाईच्या हातात कापडी पिशवी होती.

“त्या ताई नाई का जी?”

“त्या हैदराबादला गेल्या. त्यांच्या जागी आता मी आहे.”

“असं का,” म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. तिला खरं वाटत नव्हतं. मग पिशवी माझ्या हातात दिली. “घरचा नवा तांदूळ हाये. त्याईलेच द्यायचा होता. पोचवसान का?”

पोचवते म्हणाले. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, पण तो आईच्या पदरामागे गेला. त्याच्यासाठी मी कोणीच नव्हते.

संध्याकाळी फोन केला. “माय वं! ती आली होती? पोरगा कसा हाये? खाते-पिते?”  मी तांदळाचं विचारलं. “तो तुम्हीच खा ना ताई. मले इकडं कुठं पाठवता. पाणी मात्र कमी टाकजा, नवा हाये.”

खुर्ची दिली तसाच तांदूळही देऊन टाकला, एका दमात. तिच्याकडे देण्यासारखं संपतच नाही, आणि मला मनमोकळं रागावूही देत नाही.

ती पिशवी आमच्या स्वयंपाकघरात फळीवर तशीच आहे. नवरा विचारतो, “काहून ठेवला? शिजव ना.” मी म्हणते, हा आपला नाही. कधीतरी कोणी बाई माझं नाव विचारत त्या दाराशी येईल, मूठभर का होईना, माझ्यासाठी म्हणून तांदूळ आणील. त्या दिवशी दोन्ही एकत्र करून भात लावणार आहे.