अयोध्याच्या लेकीची गाठ

लोह्याला आमच्या भिंतीला भिंत लागून अयोध्याचं घर. तिला दीड वर्षाची लेक, राजश्री. पोरीच्या मानेला मऊ फुगवटा आला तेव्हा सगळ्यांनी गालगुंड म्हणून सोडून दिलं. गालगुंड उतरतं, हे वाढतच चाललं. दूध पिताना लेकरू मान वाकडी करू लागलं. अयोध्या सोयाबीन काढायला जायची, पण जीव सगळा त्या मानेपाशी.

शेवटी लातूरला लहान मुलांच्या सर्जनला दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नीट समजावलं, की ही चरबीची गाठ आहे, लहान लेकरांतच होते, कॅन्सर नाही. पण भराभर वाढते आहे, श्वासनळी दाबायच्या आत काढून टाकू. तारीखही दिली.

घरी त्यातलं 'कॅन्सर नाही' एवढंच ऐकलं गेलं. सासूबाई कावेरीबाई म्हणाल्या, "साधी गाठ हाय म्हणून डाक्टरच सांगून राहिला. मंग एवढ्याशा गळ्याला सुरी कशाला लावायची?" नवरा व्यंकट आईपुढं बोलत नाही. मी समजवायला गेले तर मलाच ऐकवलं, की दुसऱ्याचं लेकरू कापायला सांगणं सोपं असतं. मी घरी आले. देवापुढं दिवा लावताना रेणुकामाईला एवढंच म्हणायचे, तेवढी तारीख नीट पार पडू दे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अयोध्या पाण्याला गेली अन् कावेरीबाईंनी बिब्बा तापवला. सुजेला बिब्ब्याचं तेल लावायची आमच्याकडं जुनी रीत. मोठ्या माणसाच्या अंगावरही बिब्बा उततो, तिथं ही कोवळी कातडी. सकाळपर्यंत मान फोडांनी भरली.

मी सोबत लातूरला गेले. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. असल्या कातडीवर चीर घेता येत नाही, वाळल्यावर या, म्हणाले. मधेच श्वासाला घरघर लागली तर तसंच उचलून आणा.

बाहेर व्यंकट बसची वेळ बघू लागला. अयोध्या बाकावरून उठलीच नाही.

"मी येत न्हाई. जखमा वाळेस्तोवर इथंच भावाकडं राहते."

"आईला काय सांगू?"

"सांगा, त्यांचा हात पोरीच्या मानेला लागू नये म्हणून राहिले."

व्यंकट अन् मी दोघंच परत आलो.

पुढं ऑपरेशन झालं, गाठ निघाली. एका नसेला चिकटलेला बारीक भाग मात्र सोडावा लागला. तिथून गाठ परत येऊ शकते, म्हणून अधूनमधून दाखवायला न्यायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. इकडं कावेरीबाई गल्लीभर सांगतात, की बिब्ब्यानं गाठ ढिली झाली म्हणून डाक्टरला काढता आली. दाखवायला न्यायचं म्हटलं की पुन्हा तेच, चांगली झाली की, आता कशाला हेलपाटे.

अयोध्या आता वाद घालत नाही. लेकीला कडेवर घेते अन् बस धरते. जायचा दिवस मात्र आधी कुणाला सांगत नाही. मलासुद्धा.