बिनफाटकाच्या बेटावर आई

परदेशी, ल्यूकन गावातल्या माझ्या घरामागं घातलेल्या कुंपणाची खरी किंमत सांगतो: एक शनिवार-रविवार, माझी कंबर आणि आईच्या गप्पा. सांगलीहून आलेली आई बुटक्या झुडपांवरून शेजारच्या नोरीनशी तास तास बोलायची. ही मराठीत, ती इंग्रजीत. तिथं मी माणूसभर उंच फळ्या लावल्या. वर ऐकवलं, "खांब सिमेंटात बसवलेत. जेसीबीशिवाय हलायचे नाहीत." आई आत जाऊन बसली ती बसलीच. मग म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं कर बाबा."

तिचं मन रमावं म्हणून २०११च्या जूनमध्ये अरन बेटावर गेलो. गॉलवेपर्यंत मोटरवे, पुढं अरुंद रस्त्यानं रॉसाव्हीलचा धक्का, तिथून बोट. तिकीट आधी काढा. उन्हाळा असला तरी जाकीट घ्या. बेटावर सूप-ब्रेड मिळतं. आम्ही दशम्या नेल्या होत्या.

मुक्कामी नाश्त्याला एक डच पाहुणा भेटला. म्हणाला, "आमच्याकडे बागेला 'टॉइन' म्हणतात. मूळ अर्थ कुंपण. जर्मनांचा 'त्साउन' अजून कुंपणच आहे. इंग्रजांचं 'टाउन' त्याच मुळाचं. इथला 'डून', म्हणजे किल्ला, त्यांचा लांबचा भाऊ."

डून एंगस या कड्यावरच्या जुन्या किल्ल्याची चढण चढताना तो शब्द माझ्यासोबत चालत होता. एका देशात कुंपणच राहिला, दुसऱ्यात आत शिरून फुलला, तिसऱ्यात त्याचं गाव झालं. आणि इथं कड्यावर पोचला, तर तीन बाजूंना दगड, चौथ्या बाजूला नुसतं आभाळ. खाली समुद्र श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता.

उतरताना एक शेतकरी दिसला. या बेटावर शेतांना फाटक नसतं. त्यानं गडग्याचे, नुसत्या रचलेल्या बांधाचे, दगड उतरवले, गाय आत घातली, दगड परत रचले.

"बघितलंस?" आई म्हणाली. "तुझ्या फळ्या निघत्यात का अशा?"

"दोन काढतो, आई. तिकिटाचं मग बघू."

"आधी काढ."

घरी पोचल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर आणायला शेडमध्ये गेलो. परत आलो, तर पलीकडून नोरीन "ग्रँड, ग्रँड", म्हणजे झकास, झकास म्हणत होती. आईनं खांब हातानं ढकलून आडवा केला होता.