ओंजळभर जांभळं

अण्णा ठाण्याला सेशन्स जज्ज होते, तेव्हा आमच्या घरी बाहेरचं काही येत नसे. दिवाळीला कुणी पेढे पाठवले, तर पट्टेवाला ते आल्या पावली परत नेऊन देई आणि आम्ही भावंडं खिडकीतून त्या पुड्याला निरोप देत असू. गावभर अण्णांच्या सचोटीचा लौकिक होता. त्यापायी आमच्या जिभेचे हाल होतात, असं मी आईजवळ कुरकुरत असे.

शाळेत माझी एकच जिवलग मैत्रीण होती. माजिवड्याची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. एकदा मधल्या सुट्टीत तिनं परकराच्या ओच्यातली जांभळं माझ्या ओंजळीत ओतली. "खा गो, आमचेच झाराची हान." मी सगळी फस्त केली. घरी माझी जीभ पाहून अण्णांनी विचारलं, तशी कुणी दिली ते सांगून टाकलं. खोटं बोलायची सवय त्यांनी आम्हाला लागूच दिली नव्हती.

अण्णा जेवता जेवता थांबले. मिठागराच्या बांधावरून झालेल्या मारामारीत तिचे वडील आरोपी होते, आणि तो खटला पुढच्याच आठवड्यात अण्णांसमोर उभा राहायचा होता. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अहो अण्णा, चार जांभळंच तर होती!" मी रडायला लागले.

"खाल्लीस ना?" एवढंच म्हणून ते हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी वर लिहून त्यांनी तो खटला दुसऱ्या जज्जांकडे पाठवला.

तिच्या वडिलांना पाच वर्षांची शिक्षा झाली. ती पुन्हा शाळेत आली नाही. वर्ष संपेपर्यंत मी तिच्या जागेवर माझं दप्तर ठेवत होते, कुणाला बसू देत नव्हते. अजूनही तिची फार आठवण येते.

निवृत्त झाल्यावर अण्णा कल्याणला राहायला आले. वकील मंडळी येत, त्या खटल्याचा दाखला देऊन त्यांचे गोडवे गात. मला अभिमान वाटे आणि रागही येई. एकदा ती मंडळी गेल्यावर मला राहवलं नाही.

"अण्णा, तो खटला तुम्हीच चालवला असता तर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सगळ्या साक्षी मी नंतर वाचून काढल्या, बाळ. तीनदा. मी सोडला असता त्याला."