धावपट्टीच्या टोकाचे दगड

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. पोरीले नाई, जावयाले नाई. देवापुढे हात जोडतानाही नाई — तिथीही दुसरंच काही मागत राह्यलो. माहीत होतं फक्त माझ्या बायकोले, गिरजाले. ती या उन्हाळ्यात गेली. आता माहीत असणारा मी एकटाच उरलो, अन् एकट्याच्यानं हे धरून ठेवणं होत नाई.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुकलो तर चुकलो.

चंद्रपूरकडे एका कारखान्याची धावपट्टी होती. आता तिथी ढोरं चरतात. तेव्हा मालकाचं लहान विमान तिथी यायचं अन् मी तिथला चौकीदार होतो. काम काय? विमान उडायच्या आधी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायची. खडा, हाडूक, मेलेला साप, झोपलेलं कुत्रं — जे दिसन ते बाजूले करायचं. मग पट्टी सुरू होते तिथल्या पांढऱ्या रेषेपाशी उभं राहून हिरवा झेंडा दाखवायचा. गडबड असली तर लाल. एवढंच. याले काय अक्कल लागते? फक्त चालावं लागते.

विमानाचा कप्तान नागपूरचा होता, तरणाताठा, पण कामात लय कडक. विमानाभोवती फिरून सगळं हातानं चाचपायचा. जमिनीवर विमान माणसाच्या चालीपेक्षा जोरात नेत नसे, मागून मालक ओरडला तरी नाई. रेषेवर थांबायचा, इंजिन वाढवून पाहायचा, अन् मग माझ्याकडे पाहायचा. हिरवा दिसल्याबिगर त्याचं चाक हलत नसे.

"काका, गाईलाही झेंडा दाखवता का हो?" एकदा विचारलं त्यानं.

"गाय ऐकत नाई जी. तुमी ऐकता, म्हणून तुमाले दाखवतो."

खूप हसला. मग म्हणाला, "वर गेल्यावर माझं मी बघतो. खाली मात्र तुमचे डोळे."

माझे डोळे — सांगतो. जरा थांबा.

आमच्या इकडे मोहफुलं वेचली की वाळवायले तापलेली जागा लागते. चैतात धावपट्टीच्या डांबराइतकी तापलेली जागा कुठी मिळन? गावातल्या बाया कुंपणाच्या तारेखालून यायच्या, लांबच्या टोकाले जुनी लुगडी अंथरायच्या, त्यावर मोह पसरायच्या अन् वाऱ्यानं उडू नये म्हणून काठावर दगड ठेवायच्या. मॅनेजरची सक्त मनाई होती. मी पाहून न पाह्यल्यासारखं करायचो. काऊन? तर त्यात माझी गिरजाही होती. ती धानोऱ्याकडची. मोह वाळवल्याबिगर तिचा उन्हाळा सरत नसे. विमान निघायचं असलं की मी आवाज द्यायचो अन् बाया सगळं आवरून जायच्या.

त्या दिवशीही गेल्या. गिरजा शेवटी निघाली, डोक्यावर टोपलं, काखेत लुगडं. म्हणाली, "दगड तेवढे तुमी उचला. माझी कंबर धरली आहे."

मी म्हटलं, "जाय तू. मी पाहतो."

नाई पाह्यलं. विसरलो असं लिहू का? विसरलो नव्हतो. वाटलं, फेरी मारायचीच आहे, तेव्हाच उचलू. कशाले दोनदा उन्हात जायचं? मग मालक लवकर आला. मी फेरीले निघालो अन् अर्ध्यातूनच वळलो. पुढचं डांबर उन्हानं पाण्यासारखं हलत होतं, काही दिसत नव्हतं. दगड काठाले असतील, चाक मधून जाते — असं मीच मले सांगतलं.

बाकी दिवशी कप्तान विमान आधी त्या टोकापर्यंत हळूहळू नेई अन् तिथून वळून उडे. म्हणजे सारी पट्टी त्याच्याही नजरेखालून जाई. त्या दिवशी वारा उलटा होता. कप्तान आमच्याकडच्या याच टोकावरून सुटणार होता. ते लांबचं टोक पाहून आलेला माणूस एकच असायले पायजे होता, तो मी.

खिडकीतून त्यानं विचारलं, "काका, पूर्ण चालून आलात ना?"

मी मान हलवली. अन् हिरवा झेंडा वर केला.

उन्हाळ्यात भरलेलं विमान लवकर वर उठत नाई, लांबपर्यंत पळते. टोकाजवळ चाक दगडावर चढलं, विमान तिरपं झालं अन् नालीत गेलं. मालकाले नुसतं खरचटलं. कप्तानाचा पाय गुडघ्याखाली चेंगरला होता. लोकं त्याले ओढून काढत होते अन् तो म्हणत होता, "आधी मालकांना घ्या." मी काय करत होतो? मी उरलेले दगड तारेपलीकडे फेकत होतो.

चौकशीले मोठे साहेब आले. मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. कप्तान कुबडी घेऊन बसला होता. साहेबानं विचारलं, झेंडा कोणता दाखवला?

मी म्हटलं, "लाल, साहेब. मी लाल दाखवून राह्यलो होतो. ते थांबलेच नाई."

हेच ते.

कप्तान चिडला नाई. "काका?" एवढंच म्हणाला — जसा काही मले प्रश्नच नीट ऐकू आला नसन. मी तेच आणखी जोरानं म्हटलं.

हिरव्याबिगर चाक न हलवणारा माणूस लाल झेंड्यावर सुटला, हे सगळ्यांनी मानलं. त्याची नोकरी गेली, विमान चालवायचा परवाना गेला. पाय तर गेलाच होता. गिरजाले वाचवायसाठी बोललो, असं मी मले लय वर्षं समजावलं. खोटं आहे ते. तिचं नाव कोणी विचारलंच नव्हतं. मी माझी नोकरी वाचवली.

गिरजानं पुन्हा कधी तिथी मोह नेला नाई. म्हणायची, "जा ना जी, सांगून या. नोकरी गेली तर मजुरी करू. हात तुटले का आपले?" मी म्हणायचो, "गप राय." पुढे कारखाना बंद पडला, नोकरी तशीही गेली. तेव्हा जाता आलं असतं. तो कुठी राहते हे मॅनेजरले विचारता आलं असतं. नाई विचारलं. आता मॅनेजरही नाई, अन् तो कप्तान कुठी आहे, आहे का नाई, हे सांगणारं कोणी नाई.

या उन्हाळ्यात गिरजा खाटेवर पडली ती उठलीच नाई. एका दुपारी मले जवळ बसवलं. "माझ्यावर टाका," म्हणाली. "सांगा लोकाले, गिरजानं दगड ठेवले अन् मले बोललीच नाई. मेलेल्या बाईले कोण काय करणार आहे? तुमचं मन तरी हलकं होईन."

ती बोलली होती. दगड उचला म्हणून बोलली होती. तिलेही आठवत होतं, मलेही.

मले म्हणायचं होतं — नाई. एवढा एक शब्द. पण मनात आलं, तिच्यावर गेलं तर बरंच होईन. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या सरकवला. तिनं माझ्याकडे पाह्यलं, माझ्या मनातलं समजली, अन् भिंतीकडे तोंड केलं.

मी उठून अंगणात गेलो.